गणपतीआधी रंग नको

(राजाराम बंधारा पाण्याखाली, मग उतरता पूर)

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पंचगंगेचं पाणी इथे ५५ फुटांच्या वर गेलं. कोल्हापुरात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पूर उतरल्यावर मात्र वेगळीच खूण बघावी लागते. घरातल्या भिंतीवरची ही मातकट रेघ.

(शाहूपुरी, घराची आतली भिंत)

रेघेच्या वर हात-दीड हात हा काळसर पट्टा आहे. तिथे पूर पोचलाच नव्हता. वीट आणि जुन्या घरांतली पांढरी माती वातीसारखं पाणी वर ओढते, आणि खोलीतलं पाणी निघून गेल्यावरही ते चढणं थांबत नाही. ओल मिळाली की एक-दोन दिवसांतच बुरशी रुजायला लागते. वीट-सिमेंट ती खात नाही. तिला लागतो गाळातला मैला, रंगातला चिकट अंश, प्लायवूड, कागद, कापूस.

(भिंतीवरचा पांढरा थर, पाण्याची फवारणी)

पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच, असं नाही. पाणी मारल्यावर विरघळून गेला तो खार, म्हणजे भिंतीतून वर आलेलं मीठ. चिकट होऊन पसरली आणि कुबट वास आला, ती बुरशी.

(घमेल्यांतून गाळ बाहेर)

गाळ ओला असतानाच काढायचा. वाळला की तो सिमेंटसारखा धरतो, आणि खरवडताना त्याची धूळ घरभर होते. मेन स्विच बंद, पायांत गमबूट, हातांत रबरी हातमोजे, तोंडाला एन-९५ मास्क. साधा रुमाल बुरशीची बीजं अडवत नाही. भिंत स्वच्छ पाण्याने वरून खाली धुवायची. कपाटं भिंतीपासून ओढून काढायची, कारण सगळ्यात दाट बुरशी त्यांच्या पाठीमागेच असते. भिंतीलगतच्या पट्टीच्या फरशा पोकळ वाजत असतील तर त्या उचकटायच्या. मागे पाणी साठलेलं असतं.

कापसाची गादी, फुगलेलं प्लायवूड, भुसा दाबून केलेले बोर्ड वाचत नाहीत. सागवानी दार, लोखंडी पलंग, स्टीलची भांडी वाचतात.

(पोत्यातली ब्लीचिंग पावडर कडेकडेने टाकली जाते)

हे दृश्य दर पुरानंतर गल्लोगल्ली दिसतं, आणि यात पावडर वाया जाते. गाळावर टाकलेल्या पावडरचा क्लोरीन गाळातल्या घाणीतच संपतो. भिंतीवरच्या बुरशीपर्यंत काहीच पोचत नाही.

आधी साबणाच्या पाण्याने भिंत घासायची. ती भिजवूनच घासायची. कोरडा ब्रश मारला तर बीजं खोलीभर उडतात. मग प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम ताजी पावडर. उघड्या पोत्यातली जुनी पावडर घेऊ नये, तिच्यातला जोर उडून गेलेला असतो. अर्धा तास झाकून ठेवायचं, वरची निवळी घ्यायची, कुंच्याने लावायची, दहा-पंधरा मिनिटांनी धुवायची. खिडक्या सताड उघड्या. या बादलीत संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद खोलीत जीव घेऊ शकतो.

ब्लीचिंग वरवरचं मारतं. गिलाव्याच्या आत मुरलेल्या बुरशीला ते पोचत नाही. गिलावा पोकळ वाजत असेल, हाताने भुगा होत असेल, तर काळ्या पट्ट्याच्या वर फूटभर जाऊन तो विटेपर्यंत काढावा आणि वीट उघडी ठेवावी.

(नव्याकोऱ्या रंगाची भिंत, जवळून फुगवटे)

खरी चूक इथे होते. पूर जुलै-ऑगस्टमध्ये, गणपती तोंडावर. रंगारी येतो, पुट्टी भरतो, वर प्लॅस्टिक पेंट देतो. भिंत दोन दिवस देखणी दिसते. पण आतल्या ओलीला आता बाहेर पडायला वाट नाही. रंग फुगतो, पोपडे सुटतात, आणि पोपड्याखाली बुरशी पुन्हा उभी. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला तरी हेच होतं, फक्त दिसायला वेळ लागतो.

एका इंचाला एक महिना, हा भिंत वाळण्याचा ढोबळ ठोकताळा. नऊ इंची भिंत दोन्ही अंगांनी वाळली तरी चार-पाच महिने धरावेत. पावसाळी हवेत खिडक्या नुसत्या उघड्या ठेवून उपयोग नाही. उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, एका खिडकीत पंखा बाहेरच्या तोंडाने लावावा. भिंतीचं खरं वाळणं ऑक्टोबरच्या उन्हात सुरू होतं.

दमेकरी, म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना या खोलीत झोपवू नये. खोकला आणि धाप वाढते.

(भिंतीवर चिकटपट्टीने लावलेलं प्लॅस्टिक)

रंग द्यायचा की नाही, ते हा तुकडा सांगतो. दोन फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिक, चारही कडा चिकटपट्टीने बंद, २४ तास. आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंत अजून पाणी सोडते आहे. बाहेरच्या बाजूला थेंब असतील तर ती खोलीतल्या हवेची ओल.

(लोखंडी पिंपात उकळणारा चुना)

गणपतीला खोली उजळ हवीच, आणि ती करता येते. चुन्याने. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल बाहेर सोडते, आणि चुन्याच्या क्षारात बुरशी सहज धरत नाही. एक किलो कळीच्या, म्हणजे न विझवलेल्या चुन्याला पाच लिटर पाणी. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. उलटं केलं तर चुना अंगावर उडतो. भांडं लोखंडी, कारण उकळी फुटते. डोळ्यांवर चष्मा हवाच. २४ तास मुरू द्यायचा, जाड कापडातून गाळायचा. पकड यावी म्हणून डिंक किंवा खळ घालायची रीत आहे. पुराच्या भिंतीला ती नको, तेच बुरशीचं खाणं. मीठही नको, ते ओल धरून ठेवतं. हात पुसला तर थोडी पांढरी पूड लागेल, तेवढं चालवून घ्यावं.

(कुंचा, पहिला हात)

पहिला हात पातळ, आडवा. ओला असताना तो जवळजवळ दिसतच नाही. वाळला की पांढरा होतो, मग दुसरा हात उभा.