डेप्थ चार्जवरचे ठसे

श्रोतेहो, नमस्कार.

ब्रिटनमधल्या जुन्या बाजारात कधी एखादं जड नळकांडं दिसतं. त्यावर ५०, १००, १५० असे चढते आकडे कोरलेले असतात. विकणारा सांगतो, बोटीच्या पंपाचा भाग आहे. त्याचं लगेच खरं मानू नका. हे आकडे फुटांचे असतील, तर ते डेप्थ चार्जचं पिस्तूल असू शकतं. पाणबुडीविरुद्ध समुद्रात सोडायच्या स्फोटक पिंपाचा हाच मेंदू. पाणी छिद्रातून आत शिरतं, दाब वाढतो आणि ठरलेल्या खोलीवर चाप सुटतो. किती खोलीवर, ते खलाशी आधीच लावून ठेवायचा.

पुढची खूण बाणाची. तीन रेघा वरच्या टोकाला जुळलेल्या दिसल्या, की तो माल ब्रिटिश सरकारचा. बाण इंग्रजी सी अक्षराच्या पोटात असेल तर कॅनडाचा, दोन डींच्या मधे असेल तर ऑस्ट्रेलियाचा. आपल्याकडच्या मालावर बाणासोबत आय असे. आपल्याही नौदलाने डेप्थ चार्ज वापरले होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये बंगालच्या उपसागरात जपानची आरओ-११० पाणबुडी बुडवणाऱ्या जहाजांत 'जमना' होतं.

मग येतो मार्क, म्हणजे आवृत्ती. तो रोमन आकड्यांत असतो. दुसऱ्या महायुद्धातला नेहमीचा डेप्थ चार्ज म्हणजे मार्क सात: एकूण वजन ४२० पौंड, त्यातली २९० पौंड स्फोटकं. १९४० च्या अखेरीस त्याला १५० पौंडांचं ओतीव लोखंडाचं वजन जोडून 'हेवी' प्रकार काढला. पाणबुड्या खोल जाऊ लागल्या होत्या, आणि पिंप सावकाश बुडत होतं. तेव्हा लोखंडाची जाड चकती सुटी सापडली, तर तिचा उगम इथेही असू शकतो.

चांदणीकडे मात्र नीट पाहा. ब्रिटिश शस्त्रांवर मार्कापुढची चांदणी सहसा किरकोळ सुधारणा सांगते. पण १९१६ च्या 'डी' प्रकारात 'डी चांदणी' म्हणजे सरळ छोटा भाऊ. मोठ्यात ३०० पौंड टीएनटी, छोट्यात १२०, कारण संथ बोटींना स्वतःच्याच स्फोटापासून वेळेत दूर जाता येत नसे.

रंगाच्या पट्ट्यांवर माझा फारसा भरवसा नाही. रंग खाऱ्या पाण्यात जातो, ठसा टिकतो. पण ठशावरून वस्तू रिकामी आहे की भरलेली, हे कळत नाही. 'सीई' ही अक्षरं दिसली तर दूर व्हा, कारण ते टेट्रिल हे स्फोटक आहे. वस्तू न हलवता पोलिसांना कळवा.

वस्तू निर्धोक असल्याची खात्री तज्ज्ञांनी दिली असेल, तरी ब्रासोने चकचकीत करू नका. ठसे झिजतात. तिरपा उजेड टाकून फोटो काढा, आणि गॉस्पोर्टला नौदलाच्या शस्त्रांचं संग्रहालय आहे, तिथे विचारा.