आधी वाचता तर येऊ द्या

(तालुका ग्रंथालयं, नियतकालिकं आणि छोटे प्रकाशक यांच्या मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, आत येताना एका संपादकांनी मला दारातच गाठलं. "आमचा दिवाळी अंक गूगलवर पहिला यायला हवा, काय करायचं ते सांगा." म्हटलं, पहिल्याचं नंतर बघू, मुळात येतो का ते पाहू. तिथेच मोबाइल काढला. शोधपेटीत रोमन लिपीत 'साइट', पुढे कोलन, आणि जागा न सोडता त्यांच्या संकेतस्थळाचा पत्ता. कोलनच बरं का, मराठी कळफलकावरचा विसर्ग नाही. त्या दोन टिंबांपायी मी स्वतः एकदा पाऊण तास घालवलाय. अशाने गूगलकडे त्या संकेतस्थळाची कोणती पानं आहेत त्याचा साधारण अंदाज येतो. आली किती? चार. दहा वर्षांचे अंक आणि पानं चार. चारींचं शीर्षक एकच : 'होम'.

मग एक लेख उघडला. मराठी अगदी सुबक दिसत होतं. त्यातली ओळ उचलून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवली, तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. जुने डीटीपीवाले हसतायत, त्यांच्या लक्षात आलं. कृतिदेव! त्या फाँटात 'मराठी' हा शब्द आतून ई, जे, के, बी, एच अशी पाच रोमन अक्षरं असतो. फाँटचा मुखवटा चढला की आपल्याला 'मराठी' दिसतं. शोधयंत्र मुखवटा बघत नाही, ते आतली अक्षरं वाचतं. म्हणजे त्या संपादकांचं दहा वर्षांचं मराठी साहित्य गूगलच्या लेखी मराठी नव्हतंच. वास्तविक युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे.

मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फुकट मिळतात. पण बदललेला मजकूर मुद्रितशोधकाच्या नजरेखालून घालाच. 'दुसऱ्या'मधला तो अर्धा र घ्या. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो : एक, टिंबाचा ऱ घेऊन, दुसरी, साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण साध्या शोधपेटीला ते दोन वेगळे शब्द. 'ॲ'चीही तीच कथा. त्याला युनिकोडमध्ये स्वतःचं घर मिळालं २००८ साली. तोवर अ-वर चंद्र बसवून लोक भागवत होते. कुठलीही एक तऱ्हा ठरवा आणि अंकभर तीच पाळा.

आता ते 'होम'. एस.टी.च्या पाटीवर नुसतं 'बस' लिहिलं असेल तर कोण चढेल? 'कथा' हे शीर्षक तसंच आहे. 'दिवाळी अंक २०१९ : अनुक्रमणिका आणि निवडक कथा' असं लिहा, शेवटी अंकाचं नाव. प्रत्येक पानाला वेगळं. तुम्ही लिहिलंत तेच दिसेल याची मात्र खात्री नाही. २०२१ पासून गूगल पानावरच्या मथळ्यांतून स्वतः शीर्षक जुळवण्याचं काम जास्त करू लागलंय. शोधनिकालात शीर्षकाखाली येणाऱ्या दोन ओळींच्या वर्णनाचंही तसंच. तरी लिहा; नाहीतर तिथे कधी कधी 'वर्गणी भरा, लॉगिन करा' एवढंच येतं. पानाच्या पोटात, वाचकाला न दिसणाऱ्या 'कीवर्ड' टॅगमध्ये, शे-दीडशे शब्द कोंबायची हौस असेल तर ती सोडा. ते कीवर्ड आपण क्रम लावताना बघत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय.

'आठ दिवसांत पहिला नंबर' असे फोन तुम्हालाही येत असतील. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलच म्हणतं. आडमार्गाने गेलात तर मोठ्यांनाही सोडत नाहीत. यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरं दाखवल्यामुळे २००६ मध्ये बीएमडब्ल्यूचं जर्मन संकेतस्थळ गूगलने यादीतून काढलं होतं. दुरुस्ती झाल्यावर परत घेतलं, ती गोष्ट वेगळी.

माझी फजितीही ऐका. संकेतस्थळ चालवायच्या वर्डप्रेस या प्रणालीत 'शोधयंत्रांनी इकडे येऊ नये' अशा अर्थाची एक चौकट असते. साइटची डागडुजी चालू असताना मी तिथे खूण केली, आणि काम झाल्यावर काढायला विसरलो. चार महिने मी वाचक कमी झाल्याबद्दल समाजमाध्यमांना शिव्या देत होतो, वाचनसंस्कृतीवर एक कडक लेखही लिहिला. तो लेखसुद्धा कुणाला सापडला नाही. सर्च कन्सोल हे गूगलचं फुकट साधन तेव्हाच जोडलं असतं, तर कुठलं पान घेतलं, कुठलं नाही आणि का, हे तिथे सरळ दिसलं असतं.

चहाला पंधरा मिनिटं आहेत. ज्यांना ते कोलनचं करून बघायचंय, त्यांनी माझ्याबरोबर खिडकीपाशी या. इथे आत रेंज नाही.