मागच्या फाटकातली पाटी

मंडळी, प्राणिसंग्रहालय म्हटलं की तुम्हाला शाळेची सहल आठवत असेल, डब्यातली पोळी-भाजी आणि पाठ फिरवून झोपलेला वाघ. मला आठवतं ते मागचं फाटक. तिथून आत शिरलं की प्रेक्षकांच्या वाटेपासून लांब एक बैठी, पत्र्याची इमारत लागते. दारावर पाटी: 'प्रवेश बंद'. पशुवैद्यक म्हणून माझी निम्मी नोकरी त्या पाटीच्या आत गेली.

कोरोनात आपण सगळ्यांनीच विलगीकरण आणि अलगीकरण या शब्दांची खिचडी केली. आजारी आहे हे ठाऊक असलेल्याला वेगळं ठेवणं निराळं, आणि धडधाकट दिसणाऱ्याला वेगळं ठेवून वाट बघणं निराळं. आमचं काम दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे अलगीकरणाचं. नवा प्राणी आला की निदान तीस दिवस तो इथे राहतो. माकडं असतील तर बऱ्याचदा त्याहून जास्त.

बिबट्या येतो तो बहुतेक वेळा रात्री. कुणाच्या विहिरीत पडलेला, कुणाच्या गोठ्याजवळच्या सापळ्यात अडकलेला. गजांवर डोकं आपटून कपाळ सोललेलं असतं, एखादा सुळा तुटलेला असतो. तुम्हाला वाटेल, डॉक्टर लगेच सुई काढत असतील. डॉक्टर आधी गोणपाट काढतो. पिंजरा चारी बाजूंनी झाकायचा, दिवा मालवायचा आणि सगळ्यांनी निघून जायचं. पहिले दोन दिवस तो मांसाला तोंडही लावत नाही. कीपर गुपचूप मांस सरकवतो, सकाळी उरलेलं काढून वजन करतो, वहीत लिहितो. 'दोन किलो दिलं, दोन किलो परत.' मग एका सकाळी 'दीड किलो परत' अशी नोंद दिसते आणि आम्ही चहा मागवतो. विष्ठा तपासणं, जंताचं औषध, पिंजऱ्याची सरकती भिंत पुढे घेऊन रक्त काढणं हे पुढचं सगळं ठरलेलं असतं. त्यात फार सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखं आहे ते चुकांमध्ये. रोग नव्या प्राण्याच्या अंगातून येतो असं आपण धरून चालतो. मी पाहिलं ते वेगळंच.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. कुठलं प्राणिसंग्रहालय ते विचारू नका. आमच्याकडे बिबट्याचा एक बछडा होता, बाविसावा दिवस चालू होता, खणखणीत. त्या दिवशी ऊसतोडीत सापडलेली रानमांजराची दोन पिल्लं कुणीतरी आणून दिली. जागा नव्हती, म्हणून शेजारच्याच खोलीत ठेवली. तिसऱ्या दिवशी पिल्लांना उलट्या, मग जुलाब. मांजरांचा पार्व्हो. हा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो. आणि दोन्ही खोल्यांची भांडी आमच्याकडे एकाच नळाखाली, एकाच काथ्यानं घासली जात होती. पिल्लं गेली. बछडा सलाइनवर आठवडाभर लटकला आणि वाचला, त्यात आमची हुशारी थोडी आणि त्याचं नशीब जास्त. मोजमापाचा नियम मी त्या आठवड्यात शिकलो. जवळ नवा पाहुणा आला की जुन्याचा बाविसावा दिवस पुन्हा पहिला होतो.

आणखी एक डाचतं. ती पिल्लं आणायलाच नको होती. रानमांजरीची असोत की बिबट्याची, उसात सापडलेली पिल्लं सहसा पोरकी नसतात. आई दिवसा लांब कुठेतरी बसलेली असते. जुन्नर भागात वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले लोक बछडे तपासून संध्याकाळी क्रेटमध्ये घालून त्याच शेतात ठेवतात, लांबून कॅमेरा लावतात, आणि रात्री मादी येऊन एकेकाला मानेला धरून घेऊन जाते. पण लोकांना पिल्लू उचलून गाईचं दूध पाजण्याची भारी हौस. फोटो काढतात ते वेगळंच.

रोगाची पहिली वाट ही अशी भांड्यांची, दुसरी खुराकाची. 2004 साली थायलंडमधल्या सी राचा इथल्या व्याघ्र उद्यानात वाघांना कच्ची कोंबडी घातली जात होती. बर्ड फ्लू आला, आणि 441 पैकी 147 वाघ मेले किंवा मारावे लागले. हे आम्ही व्याख्यानांतून सांगायचो, परदेशातली गोष्ट म्हणून. मग डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, अहवाल आला: एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लूच. संशय पुन्हा कोंबडीच्या मांसावरच. माणसांशी संघर्ष झाला म्हणून जंगलातून उचललेले वाघ होते ते, वाचवायला आणलेले. नीट शिजवलं तर हा विषाणू मरतो, पण वाघाला मांस शिजवून कोण घालणार? म्हणून मांस कुठल्या खाटकाकडून येतं, कुठल्या गाडीतून येतं, हे बघणं मला लसीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

तिसरी वाट म्हणजे आपण. माकडाला क्षयाची चाचणी करताना वरच्या पापणीत बारीकशी सुई देतात आणि तीन दिवस पापणी सुजते का ते बघतात. पिंजऱ्याबाहेरूनही दिसतं, म्हणून पापणी. पण माकडाला क्षय देतं कोण? बहुधा माणूसच. म्हणून कीपरचीही तपासणी व्हायला हवी, आणि तो खोकला म्हणून त्याचा पगार कापायला नको. पगार कापला की तो खोकला लपवतो.

आमची आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. ज्या सोवळ्यानं माणसं उंबऱ्याबाहेर ठेवली त्याबद्दल माझं मत चांगलं नाही. पण त्या शिस्तीचा सांगाडा आम्ही उचलला. आधी निरोगी प्राण्यांची साफसफाई, अलगीकरणाची खोली शेवटी, तिथून परत मागे यायचं नाही. तिथली बादली, तिथला खराटा वेगळा, दांड्याला लाल चिंधी बांधलेली.

निवृत्तीच्या आधी एकदा मोठे पाहुणे आले होते. मी घाईत, त्यांना घेऊन थेट त्या दारापर्यंत गेलो. आतून आमचा कीपर आला, बाविसाव्या दिवसाचा साक्षीदार असलेला. त्यानं दारात आडवा खराटा धरला, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, बूट." पाहुणे हसले. मी खाली वाकून लेस सोडायला लागलो.