कडं जुळताना

(दृश्य: पेट्री डिश, खालून उजेड)

ही लाल थाळी ब्लड अगरची, म्हणजे जिवाणू वाढवायच्या माध्यमाची. अगरच्या थरात मेंढीचं रक्त मिसळलेलं आहे. काल संध्याकाळी तिच्यावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूची रेघ ओढली आणि रात्रभर ती ३७ अंश सेल्सिअसला ठेवली. आज रेघेच्या जागी पिवळसर ठिपके आलेत. पण बघायचंय ते ठिपक्यांच्या भोवती. तिथला लाल रंगच गेलाय. जिवाणू अजून तिथवर पसरलेले नाहीत, त्यांनी सोडलेलं विषारी प्रथिन मात्र पोचलंय, आणि ते रक्तपेशींना भोकं पाडतं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या रक्तपेशी, संथ गती)

डावीकडच्या या एका पेशीवर नजर ठेवा. आत्ता बशीसारखी आहे, मध्ये खोलगट. आता फुगायला लागली. गोल झाली.

(तीन सेकंद निवेदन नाही)

उरलं ते रिकामं पटल, पुसट सावलीसारखं.

पेशीचं पटल म्हणजे मेदाच्या रेणूंचा दुहेरी थर, जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचा. त्याचा गाभा तेलकट असल्यामुळे क्षार आपोआप आरपार जात नाहीत. त्याला भोक पडलं की सोडियम आत शिरतं आणि त्याच्यामागे पाणी. भोक लहान असेल तर हिमोग्लोबिनला बाहेर पडता येत नाही, त्यामुळे पाण्याची ओढ थांबत नाही. पेशी फुगून फुटते ती अशी.

(दृश्य: ॲनिमेशन, पाण्यात तरंगणारे सुटे रेणू)

आता जे दिसतंय ते संगणकावर काढलेलं आहे, पण रेणूंचा आकार खऱ्या मोजमापांवरून घेतलाय. हे स्टॅफिलोकॉकसचं अल्फा विष. २९३ अमिनो आम्लांची एक साखळी, नीट घडी घातलेली, पाण्यात विरघळणारी. या रूपात ते कुणालाच भोक पाडू शकत नाही.

पेशीच्या पृष्ठभागाला ते चिकटतं. शेजारी दुसरं येतं, मग तिसरं. सात जमले की कडं पूर्ण होतं, आणि इथे प्रत्येक रेणू आपली एक घडी उलगडतो. प्रत्येकाचे दोन पट्टे, सातांचे मिळून चौदा. ते एकमेकांना बिलगून एक नळी होतात आणि ती नळी तेलकट थरात उतरते.

जरा जवळून बघा. पट्ट्यावरचा एक मणी, म्हणजे एक अमिनो आम्ल, नळीच्या आतल्या पाण्याकडे तोंड करून आहे, त्याच्या पुढचा बाहेरच्या तेलाकडे. पुन्हा एक पाण्याकडे, पुन्हा एक तेलाकडे. पाण्यात वावरणारं प्रथिन तेलात घर करतं ते या एकाआड एक मांडणीच्या जोरावर. एकट्या पट्ट्याला तेलात थारा नाही, त्याला दोन्ही बाजूंनी शेजारी लागतात. मला या साऱ्या कहाणीत हीच जागा सगळ्यात विलक्षण वाटते.

एरिक गूओ, हेगन बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना उलगडली. अळंबीसारखा आकार, उंची १० नॅनोमीटर. आतली वाट सगळ्यात अरुंद जागी दीड नॅनोमीटरच्या आसपास.

(दृश्य: ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपचं चित्रण)

हे मात्र ॲनिमेशन नव्हे. अतिसूक्ष्म सुई पटलावरून फिरते आणि उंचसखल टिपत जाते. इथे विषांचं दुसरं घराणं आहे. यांना पटलात कोलेस्टेरॉल लागतं. न्यूमोनियाच्या जिवाणूचं न्यूमोलायसिन यातलंच. यांची कडी मोठी असतात, तीस ते पन्नास रेणूंची, आणि भोक २५ ते ३० नॅनोमीटरचं. त्यातून अख्खं हिमोग्लोबिन सहज निघून जातं.

या कमानी बघा, सरकताहेत, एकमेकींना जोडल्या जाताहेत. कधी कडं अर्धंच राहतं, तरी तेवढ्यानेही पटल भेदलं जातं. आणि आता हे उजळ वर्तुळ एकदम मंद झालं. सगळं कडं जवळपास ४ नॅनोमीटर खाली बसलं. भोक पडलं ते याच क्षणी.

न्यूमोनिया, सेप्सिस, गॅस गँग्रीन या आजारांत अशा विषांचा वाटा असतो. प्रतिजैविकं जिवाणूला मारतात, पटलात बसलेलं कडं काढत नाहीत.

(दृश्य: दोन रचना शेजारी शेजारी)

डावीकडे या दुसऱ्या घराण्यातलं जिवाणूचं विष, उजवीकडे आपल्याच शरीरातलं परफोरिन. रोगप्रतिकारक पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशींना भोकं पाडतात ती याने. दोघांच्या गाभ्याची घडण एकाच साच्यातली आहे, हे २००७ मध्ये उघड झालं.

(दृश्य: ॲनिमेशन, नळीत उतरणारं बूच)

सायक्लोडेक्स्ट्रिनच्या एका प्रकारात ग्लुकोजचे सात घटक कड्यासारखे जोडलेले असतात. अल्फा विषाच्या सातांच्या नळीत हे सातांचं कडं बुचासारखं बसतं. अशी बुचं आणखी घट्ट बसावीत, किंवा विषाचं कडं मुळात जुळूच नये, यासाठी प्रयोग चालू आहेत. मारायचं कुणाला, एवढ्यावरच न थांबता थांबवायचं काय, हेही विचारणारं हे काम आहे, आणि ते व्हायलाच हवं.

(दृश्य: काचेवर वाढवलेली पेशी)

ही केंद्रक असलेली पेशी. विषाचा मारा थोडाच झालाय. भोकातून कॅल्शियम आत आलं आणि त्याच इशाऱ्यावर दुरुस्ती करणारी प्रथिनं धावली. पेशी आपल्याच पटलाचा बिघडलेला तुकडा बाहेर ढकलते आहे. वरच्या कोपऱ्यात फुगवटा दिसतोय. तो सुटला.

पेशी अजून काचेला धरून आहे.