कापून उरलेलं शुभवर्तमान

[दृश्य: जुन्या छापील पानांचा क्लोज-अप. चार रकाने, चार भाषा.]

येशू वाटेनं चालला आहे. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस त्याला दिसतो. शिष्य विचारतात, "गुरुजी, पाप कोणी केलं? यानं, की याच्या आईबापानं?" येशू म्हणतो, यानंही नाही आणि आईबापानंही नाही. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, पुढे येशू थुंकीनं माती कालवतो, त्याच्या डोळ्यांना लावतो, त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. तो माणूस डोळस होऊन परततो.

थॉमस जेफरसन यांच्या प्रतीत तो परतत नाही. शिष्यांचा प्रश्न आहे, येशूचं उत्तर आहे आणि त्याला लागूनच मेंढवाड्याचा दृष्टान्त सुरू होतो. माती, तळं, नजर, सगळं पात्याखाली गेलं.

अमेरिकेचे हे माजी राष्ट्राध्यक्ष तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते. साल १८२०, ठिकाण व्हर्जिनियातलं त्यांचं घर, मॉन्टिसेलो. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागाच्या, छापील प्रती त्यांनी जमवल्या. हवे ते उतारे धारदार पात्यानं कापले आणि कोऱ्या पानांवर डिंकानं चिकटवले. डाव्या पानावर ग्रीक आणि लॅटिन, उजव्या पानावर फ्रेंच आणि इंग्रजी. असाच एक लहान संग्रह त्यांनी १८०४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष असतानाच केला होता. तो आज हाती नाही. हा दुसरा मात्र लाल चामड्याच्या बांधणीत टिकून आहे.

काय ठेवायचं, याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ नव्हता. १८१३ मध्ये जॉन ॲडम्स यांना लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की, येशूची खरी वचनं उकिरड्यातल्या हिऱ्यांसारखी सहज ओळखू येतात. हिरे म्हणजे डोंगरावरचं प्रवचन, वाटेवर जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, शत्रूवर प्रेम करा ही आज्ञा. उकिरडा म्हणजे काय, हे त्यांनी कापून टाकलेल्या भागावरून कळतं: देवदूत, चमत्कार आणि पुनरुत्थान. त्यांचं पुस्तक संपतं ते कबरीच्या तोंडाशी मोठी धोंड लोटून लोक निघून जातात तिथे. तिसरा दिवस उजाडत नाही.

[दृश्य: कलकत्त्याचं जुनं रेखाचित्र. हुगळीचा काठ.]

आणि त्याच वर्षी, एकमेकांचा काहीही संबंध नसताना, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक माणूस जवळजवळ हेच करत होता. राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये कलकत्त्यात येशूच्या नीतिवचनांचं एक संकलन छापलं. पुस्तकाला त्यांनी नावच दिलं होतं, शांती आणि सुखाचा मार्गदर्शक. चमत्कार बाजूला ठेवण्याची कारणं प्रस्तावनेत दिली. अशा कथांवरून वाद होतात, शंका निघतात. शिवाय आशिया खंडातल्या लोकांकडे याहून अचाट चमत्कारांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यावर या कथांची छाप ती काय पडणार? युक्तिवाद बिनतोड होता. मला तर यात थोडा मिस्कीलपणाही दिसतो.

राममोहन ख्रिस्ताची बाजूच मांडत होते, तेव्हा श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांना आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. जोशुआ मार्शमन यांनी टीकेची झोड उठवली. राममोहन यांनी उत्तरादाखल 'आवाहन' या नावानं एकामागून एक तीन पुस्तकं लिहिली. तिसरं छापायला बॅप्टिस्ट मिशनच्या छापखान्यानं नकार दिला, तर राममोहन यांनी स्वतःचा छापखाना उभा केला आणि १८२३ मध्ये ते काढलं. त्याआधीच विल्यम ॲडम नावाचा एक मिशनरी त्यांचं म्हणणं पटून त्र्यैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा, सिद्धान्त सोडून बसला होता. एदेनबागेतल्या पहिल्या आदामाची आठवण काढून चिडलेले लोक त्याला म्हणाले, हा दुसरा पतित आदाम!

मार्शमन यांचा त्रागा बाजूला ठेवून त्यांचा मुद्दा ऐकायला हवा. ते नीतीच्या विरोधात नव्हतेच. त्यांना विचारायचं होतं की, ही नीती ज्याच्या हातून पाळली जात नाही, त्याचं काय? नुसत्या आज्ञा माणसाला त्याची चूक दाखवतात, त्यातून सोडवत नाहीत. सोडवतो तो क्रूसावरचा मृत्यू, आणि राममोहन यांनी नेमकं तेच प्रायश्चित्त वगळलं. ख्रिस्ताचा प्रेषित पौल यानं तर करिंथच्या मंडळीला सरळच लिहिलं होतं: ख्रिस्त उठवला गेला नसेल, तर आमचं सांगणं व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ.

[दृश्य: चर्चमधली रविवारची उपासना. मंडळी उभी आहे.]

आता हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं पाहू. चर्चमध्ये एका सुरात म्हटला जाणारा प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची थोडक्यात कबुली, नीट ऐका. कुमारी मरियेपासून जन्मला, पंतय पिलाताच्या अमदानीत दुःख भोगलं, क्रूसावर खिळला गेला, मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. जन्म झाला की थेट पिलात. मधली सगळी वर्षं एका स्वल्पविरामात! प्रवचन नाही, शोमरोनी नाही, दुसरा गाल पुढे करणं नाही. जेफरसननी जे ठेवलं ते इथे नाही आणि इथे जे आहे त्यातलं बरंचसं जेफरसननी कापलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर जन्म, वधस्तंभ आणि कबर एवढंच सामायिक उरतं.

शुभवर्तमानं स्वतः मात्र अशी वाटणी करू देत नाहीत. "प्रभूजी, प्रभूजी" म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाईल असं नाही, हे बजावणारा येशू डोंगरावरच्या त्याच प्रवचनात आहे. म्हणजे नुसत्या श्रद्धेला चपराक. पण तिथेच तो "असं सांगितलेलं तुम्ही ऐकलं आहे, पण मी तुम्हांला सांगतो" असंही म्हणतो. हा "मी" कोण, हा प्रश्न नीतीच्या आतच येऊन बसतो. तो कुठल्या पात्यानं कापायचा?

जेफरसन यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं वाटतं तसं तुम्ही त्यांच्याशी वागा, हे वचन त्यांनी जपून चिकटवलं होतं. आयुष्यभरात त्यांच्या मालकीची ६०० हून अधिक गुलाम माणसं होती. हयातीत त्यांनी दोघांना मुक्त केलं, मृत्युपत्रातून पाच जणांना. त्यांच्यामागे, जानेवारी १८२७ मध्ये, कर्जापायी १३० माणसं लिलावात काढावी लागली. मार्शमन यांना याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. पण पुनरुत्थानावर काडीचीही शंका न घेणारे, दर रविवारी विश्वासांगीकार म्हणणारे व्हर्जिनियातले इतर मळेवालेही गुलाम बाळगत होते आणि त्यासाठी पौलाचाच आधार काढून दाखवत होते. तेव्हा या हिशेबात कुणाचीच बाजू वर जात नाही.

[दृश्य: पंडिता रमाबाईंचं छायाचित्र.]

या वादात सगळ्यात प्रामाणिक साक्ष मला पंडिता रमाबाईंची वाटते, कारण त्या नीती आणि श्रद्धा या दोन्ही घरांत राहून आल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्र्यैक्यासारख्या गोष्टी मुकाट मान्य करायला त्या तयार नव्हत्या. तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून खडाजंगीचा वाद झाला. स्त्री-पुरुषांना सारखं मानणारा, पतितांना जवळ करणारा धर्म मिळाला, यात त्या समाधानी होत्या. बाप्तिस्म्यानंतर सुमारे ८ वर्षांनी त्यांना जाणवलं की, आपला विश्वास केवळ बुद्धीचा आहे, त्यात जीव नाही. मला ख्रिस्ताचा नुसता धर्म नको, ख्रिस्त हवा आहे, अशा अर्थाचं त्यांनी पुढे आत्मनिवेदनात लिहिलं. तारण आपल्या कर्मांनी कमवायचं नसून ते फुकट मिळतं, हे उमगल्यावर त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं.

निराधार विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन १८८९ मध्ये, म्हणजे हे उमगण्याच्या आधीच, सुरू झालं होतं.