क्रॅकलिंग: कानांनी ठेवलेलं नाव

(पडदा काळा. फक्त आवाज: खर्र, खर्र, तड.)

हा आवाज ऐका. डुकराचं मांस नुकतंच भट्टीतून बाहेर आलंय आणि त्याच्या कातडीवरून सुरी फिरतेय. भाजून कुरकुरीत झालेल्या या कातडीला इंग्लंडमध्ये ‘क्रॅकलिंग’ म्हणतात. ‘क्रॅकल’ म्हणजे तडतडणं. चुलीत ओलं लाकूड तडतडतं, तसं. नाव पडलं ते चवीवरून नाही, रंगावरूनही नाही. आपलं ‘कुरकुरीत’ही असंच कानातून जिभेवर आलेलं.

(दृश्य: कच्ची कातडी, मिठाचे खडे.)

कच्ची असताना हीच कातडी चामड्यासारखी चिवट. धारदार सुरीने तिला बारीक चिरा देतात, पुसून कोरडी करतात, मीठ चोळतात. मीठ पाणी ओढून घेतं. मंद आचेवर कातडीतलं कोलॅजेन, म्हणजे तिला चिवट ठेवणारं प्रथिन, मऊ पडून त्याचं जिलेटिन होतं, खालची चरबी वितळते. मग आच एकदम वाढवायची. उरल्यासुरल्या पाण्याची वाफ होते, कातडी फुगते, पापडासारखे फोड येतात. ओल राहिली की सगळी मेहनत वाया. दात रुततात, पण आवाज येत नाही.

रविवारच्या जेवणात सफरचंदाच्या सॉसबरोबर हे मांस वाढतात, तेव्हा सगळ्यांचा डोळा क्रॅकलिंगवर. इंग्रज निबंधकार चार्ल्स लॅम्ब यांनी १८२२ साली भाजलेल्या डुकरावर अख्खा निबंध लिहिला, त्यातही त्यांचा जीव या कातडीत गुंतलेला दिसतो. पुढे ब्रिटिश पुरुष देखण्या बाईलाही ‘क्रॅकलिंग’ म्हणू लागले. शब्दाचा हा वापर मला खटकतो.

पबमध्ये बिअरबरोबर पाकिटातून मिळतात ते तुकडे वेगळे. त्यांना ‘स्क्रॅचिंग्ज’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये ‘चिचार्रोन’. म्हणून बघा, गरम तेलात काहीतरी पडल्यासारखं वाटतं. आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत सणासमारंभाला पोर्तुगीज वळणाचं लेइतांव होतं, म्हणजे अख्खं भाजलेलं कोवळं पिल्लू. त्याचीही शान कातडीतच.

(दृश्य: लोखंडी कढई.)

अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र अर्थ सरकतो. तिथे चरबी कढवून, गाळून घेतली की कढईत जे खरपूस तुकडे उरतात, ते ‘क्रॅकलिन्स’. मक्याच्या पावात घालतात. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. लोणी कढवून तूप गाळल्यावर तळाशी उरते ती बेरी. वर चमचाभर साखर, आणि कढई कोणी खरवडायची यावरून भावंडांची झटापट.

(आवाज: कढईवर चमचा.)