दुपारची वीज, संध्याकाळची गरज

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या लहानपणी पौषातल्या रात्री कधी बारा, कधी एक वाजता ओसरीवरचा बल्ब लागायचा आणि आई वडिलांना हलवून उठवायची. थ्री फेज आली! वडील कानाला उपरणं गुंडाळायचे, खोरं घ्यायचे आणि मळ्याकडे निघायचे. बॅटरी धरायला मी मागे. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की विहिरीत मोटार घुमायला लागायची, पाटाला पाणी यायचं. मग पहाटेपर्यंत एक वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात. गव्हात पाय टाकण्याआधी बॅटरीचा झोत जमिनीवर फिरवायचा, कारण रात्रीच्या पाण्याला गेले आणि पान लागलं, म्हणजे साप चावला, अशी माणसं आमच्या गावात होती.

शेतकऱ्याला रात्रीचीच वीज का, हे मला पुढे नोकरीत कळलं. सबस्टेशनमध्ये दर तासाला मीटर बघून लॉगशीटवर आकडे लिहायचे, हे माझं काम. दिवसा कारखाने, दुकानं, कचेऱ्या वीज ओढायच्या. रात्री मागणी पडायची, पण कोळशाचा बॉयलर काही चुलीसारखा विझवून सकाळी पुन्हा पेटवता येत नाही. ती रात्रीची वीज कुठे तरी द्यायची होती, म्हणून ती शेतीपंपांच्या वाट्याला आली. वीज किती आहे याच्याइतकंच ती कोणत्या तासाला आहे, हे महत्त्वाचं असतं. त्या लॉगशीटनं मला हे शिकवलं, आणि देशातल्या सौर-पवन विजेच्या आजच्या बाजाराकडे मी त्याच नजरेनं बघतो.

आधी मोठी गोष्ट सांगतो, कारण ती खरोखर अभिमानाची आहे. २०२५ च्या जूनअखेर आपल्या देशाची वीजनिर्मितीची स्थापित क्षमता, म्हणजे सगळी केंद्रं पूर्ण ताकदीनं चालली तर जेवढी वीज निघेल ती, ४८४ गिगावॅटच्या घरात होती (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट), आणि तिच्यातला निम्म्याहून किंचित जास्त वाटा कोळसा, वायू, डिझेल यांच्याशिवायचा होता. सूर्य, वारा, पाणी, जैवइंधन आणि अणुऊर्जा यांचा. पॅरिस करारात यासाठी आपण २०३० ची मुदत दिली होती. पाच वर्षं आधीच आपण तिथे पोचलो. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं, तेव्हाच्या लिलावांत सौर विजेचा दर युनिटला दहा-बारा रुपये निघाला होता. २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर आला. दहा वर्षांत एखादी वस्तू इतकी स्वस्त झालेली मी तरी माझ्या आयुष्यात फारशी पाहिली नाही.

पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १५ ते १७ लाख युनिट देतो. तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच नीट चालला तर याच्या तिपटीहून जास्त देतो, कारण तो रात्रीही चालतो. त्यामुळे क्षमतेत निम्मा वाटा असला, तरी आपल्या घरी येणाऱ्या दहा युनिटांतली सात युनिट अजून कोळशातूनच येतात. हे कुणाला खिजवायला सांगत नाही. पुढचं काम कुठे आहे, ते यावरून दिसतं.

वीजबाजारातला एका दिवसाचा भाव बघा. भर दुपारी सौर वीज ओसंडून वाहते आणि उन्हाळ्यात भाव कधी कधी युनिटला एक-दोन रुपयांवर, त्याच्याही खाली येतो. सूर्य मावळतो, घरोघरी दिवे, पंखे, एसी लागतात, आणि तोच भाव चढत चढत दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. सकाळी मंडईत दोन रुपयाला फेकलेली मेथीची जुडी संध्याकाळी दहाला विकत घ्यावी, तसं हे.

राजस्थानात तर याहून वाईट. भडला, फतेहगड भागात पॅनेल भराभर उभे राहिले, पण वीज वाहून नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या वेळेत झाल्या नाहीत. म्हणून २०२५ मध्ये ऐन दुपारी प्रकल्पांना निर्मिती कमी करायला सांगावं लागलं. ऊन आहे, पॅनेल आहे, आणि वीज वाया! दुसरीकडे लिलाव जिंकूनही ज्यांची वीज विकत घ्यायचा करार कोणत्याच राज्यानं केला नाही, असे ४० गिगावॅटहून अधिक प्रकल्प अडकून पडले. दर उद्या आणखी उतरेल, या आशेवर राज्यं थांबली. शिवाय नुसती दुपारची वीज घेऊन त्यांची संध्याकाळ भागत नाही. या दुसऱ्या कारणाबद्दल मी त्यांना दोष देणार नाही.

यावर उपाय साठवणीचा. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. वर एक धरण, सह्याद्रीच्या कड्याखाली चोंढ्याला दुसरं. वरचं पाणी खाली सोडलं की वीज, आणि स्वस्त वीज असेल तेव्हा तेच पाणी पंपानं पुन्हा वर. शंभर युनिट खर्चावेत तेव्हा पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. गंमत अशी, की असे प्रकल्प आखताना पाणी रात्री वर चढवायचं, असा हिशेब असायचा. आता ते दुपारी चढवणं फायद्याचं. वीज साठवणाऱ्या मोठ्या बॅटऱ्यांचे दरही उतरले आहेत. दोन तास पुरणाऱ्या बॅटरीसाठी २०२२ च्या लिलावात मेगावॅटमागे महिन्याला जवळपास ११ लाख रुपये भाडं मागितलं गेलं होतं. दोन-अडीच वर्षांत हा आकडा सव्वादोन लाखांच्या आसपास आला.

आणि दुसरा उपाय आपल्या शिवारात आहे. संध्याकाळची गरज दुपारी हलवता येत नाही. माणसं अंधार पडल्यावरच दिवा लावणार. पण पिकाचं पाणी हलवता येतं. महाराष्ट्रात २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा चालू आहे, उद्दिष्ट १६ हजार मेगावॅटचं. गावाजवळच्या सबस्टेशनच्या आसपास छोटे सौर प्रकल्प उभे करायचे आणि त्यांची वीज थेट शेतीच्या फिडरवर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीवर सोडायची. राजस्थानातून लांबलचक तारा ओढायला नकोत. खासगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. या विजेचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास. माझ्या मते देशातल्या सगळ्या मोठमोठ्या सौर उद्यानांपेक्षा ही साधी कल्पना जास्त शहाणपणाची आहे, कारण तिनं विजेला तिच्या तासाचं गिऱ्हाईक शोधून दिलं.

देशानं २०३० साठी कोळसा, वायू, डिझेल यांच्याशिवायच्या ५०० गिगावॅट क्षमतेचं लक्ष्य ठेवलं आहे. तिथपर्यंत जायला वर्षाला ५० गिगावॅटच्या आसपास भर घालावी लागेल. पॅनेल तेवढे लागतीलही. मी मात्र रोज संध्याकाळी सातचा आकडा बघत राहीन. त्या तासाला कोळशाचा वाटा किती उतरला, बॅटरीतून आणि घाटघरसारख्या धरणांतून किती वीज आली.

मागच्या माघात गावी गेलो होतो. सकाळी साडेनऊला धाकटा भाऊ न्याहारी करून मळ्यात निघाला. अंगावर स्वेटर नाही, हातात बॅटरी नाही. मी त्याच्या मागे गेलो. स्टार्टर तोच, वडिलांच्या वेळचा, बटणाचा हिरवा रंग उडालेला. त्यानं तो दाबला, पाटाला पाणी लागलं, आणि कुठल्या वाफ्यात किती पाणी चढलं ते आम्हा दोघांना बांधावरूनच दिसत होतं.